असईच्या माळावरचा तांबडा डगला

भोकरदनास जाण्याचा योग मला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं आला. वास्तविक जालन्याहून हें गांव कांहीं दूर नाहीं, सकाळच्या एस्. टी. नें निघालेला मनुष्य कामें उरकून दिवेलागणीच्या आंत घरीं परत येऊं शकतो. परंतु सारा जन्म याच मुलुखांत शाळामास्तरकी करूनहि मीं तें पाहिलें नव्हतें. याची मला लाज वाटते, आणि तिचें कारण केवळ आळस एवढेंच नाहीं. तें कारण आधींच सांगून टाकतों.

बऱ्याच वर्षांपूर्वींची गोष्ट. आठवीच्या वर्गांत मी इतिहासाचा तास घेत होतों. फळ्यावर लिहिलें होतें : असईची लढाई, २३ सप्टेंबर १८०३; इंग्रजांनीं मराठ्यांचा पराभव केला. इतक्यांत भोकरदनकडचा एक मुलगा उभा राहिला. "गुरुजी, इंग्रज किती होते?" मीं सांगितलें, साडेचार हजारांच्या आसपास. "सगळे गोरेच?" उत्तर मला ठाऊक होतें, पण तास संपत आला होता आणि पुढचा भाग अजून शिकवावयाचा होता. मी म्हणालों, "खालीं बस. तें परीक्षेला नाहीं." मुलगा मुकाट्यानें खालीं बसला. गेल्या भाद्रपदांत त्याच मुलाचें पत्र आलें. आतां तो पन्नाशीला टेकला असून असईच्या शिवारांत शेती करतो. पत्रांत इतर मजकूर चार ओळींचा, आणि शेवटीं : "गुरुजी, माझ्या प्रश्नाचें उत्तर राहिलें आहे. रान पाहावयास या." नातवाला बरोबर घेऊन मी निघालों.

भोकरदन हें आज कापूस, मका आणि मिरची यांच्या व्यापाराचें तालुक्याचें गांव. मोटारतळावर उतरल्यावर मिरचीच्या खकाण्यानें दोन शिंका आल्या, तेव्हां आपण योग्य ठिकाणीं आलों अशी खात्री पटली. परंतु या गांवाची कुळकथा फार जुनी आहे. याचें मूळचें नांव भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत भोगवर्धनचे रहिवासी होते, हें तेथील शिलालेखांवरून कळतें. १९७० नंतरच्या दशकांत येथें जें उत्खनन झालें त्यांत एका स्त्रीची हस्तिदंती मूर्ति निघाली, आणि तिचें साम्य इटालींतील पाँपेई नगरांत १९३८ सालीं सांपडलेल्या हस्तिदंती मूर्तीशीं आहे असें जाणत्यांनीं दाखविलें. म्हणजे ज्या काळीं रोमन लोक इकडील वस्तू हौसेनें विकत घेत होते त्या काळीं भोगवर्धन हें नांवाजलेलें नगर होतें. केळणेच्या कांठचें कोरीव लेणें आम्ही पाहिलें. त्यावर स्वतंत्र लेख लिहिण्याजोगें पुष्कळ आहे; येथें एवढेंच पुरे.

असईच्या लढाईंत भोकरदनचें नांव सहसा कोणी घेत नाहीं; परंतु वेलस्लीनें लढाईचा जो वृत्तांत वरिष्ठांस धाडला त्यांत तें आहे. दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांची छावणी केळणेच्या उत्तर कांठानें पसरलेली होती. तिची उजवी बाजू, म्हणजे सारें घोडदळ, भोकरदनच्या अंगाला होती, आणि कवायती पायदळ व तोफखाना पूर्वेकडे असईजवळ होता. आज जेथें मिरचीचे ढीग पडतात तेथें त्या दिवशीं घोडीं बांधलेलीं होतीं. जुन्या गॅझेटियरांत असई हें गांव भोकरदन तालुक्यांतच नोंदलेलें आहे.

काळ्यापिवळ्या जीपगाडींतून आम्ही असईकडे गेलों. असई केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यांत आहे. माझ्या विद्यार्थ्यानें आम्हांला प्रथम नदीवर नेलें. वेलस्ली दक्षिणेकडून आला, तेव्हां पलीकडच्या कांठावर समोर एवढी मोठी फौज पाहून त्यानें सरळ उतरण्याचा विचार सोडला व तो पूर्वेकडे वळला. वाटाडे म्हणत, पुढें उतार नाहीं. परंतु पिंपळगांव आणि वरूड हीं दोन गांवें नदीच्या दोन्ही कांठांवर समोरासमोर दिसलीं, आणि त्यानें अटकळ बांधली कीं, समोरासमोरच्या गांवांत येणेंजाणें असावयाचेंच, म्हणून उतारहि असलाच पाहिजे. उतार निघाला. नातू म्हणाला, "आजोबा, हें तर आपल्या आजीनेंहि सांगितलें असतें." मला तें पटलें. सोयरीक जुळवणाऱ्या कोणत्याहि बाईला त्या दोन गांवांवरून हाच तर्क सुचला असता.

आतां प्रश्नाचें उत्तर. कंपनीच्या बाजूनें रणांत उतरलेल्या फौजेंत गोऱ्यांच्या पायदळाच्या पलटणी दोन, ७४ वी व ७८ वी, आणि गोऱ्या घोडेस्वारांची १९ वी ड्रागून. उरलेल्या चार पायदळ पलटणी आणि तीन रिसाले मद्रासेकडील एतद्देशीयांचे. त्यांखेरीज म्हैसूरचे आणि खुद्द पेशव्यांचे मिळून पांच हजारांच्या आसपास स्वार वेलस्लीच्या पाठीशीं उभे होते. कारण दुसऱ्या बाजीरावानें १८०२ च्या डिसेंबरांत वसईस तह करून बसल्यावर मराठे दोन्हीकडे होते. हें सर्व मला त्या तासालाहि ठाऊक होतें.

मद्रासेचा तो शिपाई कसा दिसत असेल? मक्याच्या शेतांत एक बुजगावणें उभें होतें. त्याच्या अंगांत कोणाचा तरी जुना कोट होता व खालीं नुसता बांबू. मीं नातवाला म्हटलें, थोडेंबहुत असेंच समज. कमरेच्या वर सारें विलायती : तांबड्या बनातीचा घट्ट डगला, त्याच्या गळपट्टीला आणि बाह्यांच्या टोंकांना पलटणीच्या रंगाचें निराळें कापड, छातीवर फुलीसारखे दोन पांढरे पट्टे. एका पट्ट्याला तोसदान, दुसऱ्याला संगीन. बनात म्हणजे लोंकरीचें जाड कापड. तें विलायतेच्या थंडीसाठीं विणलेलें, आणि अंगांत घालावयाचें दक्षिणेच्या उन्हांत! शिवाय त्या कपड्याचे पैसे शिपायाच्याच पगारांतून कापून घेतले जात. कमरेच्या खालीं मात्र सारें देशी : मांडीपर्यंतचा पांढरा जांग्या, त्याच्या कांठाला निळी कंगोऱ्यांची नक्षी, पुढें पाय उघडे, आणि पायांत साध्या चपला. डोक्यावर हलक्या सांगाड्यावर गडद निळें कापड ताणून केलेलें, दुरून पागोट्यासारखें दिसणारें शिरस्त्राण. वर विलायत, खालीं तामिळ देश, आणि डोक्यावर दोहोंची तडजोड!

हातांत चापाची बंदूक. तिचें वजन साडेचार किलोंच्या आसपास. गारगोटीच्या ठिणगीनें दारू पेटावयाची. कागदी काडतूस दातांनीं फोडून, थोडी दारू कानांत घालून, बाकीची गोळीसकट नळींत ठासावयाची; हें सर्व करून मुरलेला शिपाई मिनिटाला दोन, फार तर तीन वेळां बार काढी, आणि शंभर पावलांपलीकडे नेम हा दैवाचा भाग. या बंदुकीची एक हकीकत मोठी मजेची आहे. ती मूळ ईस्ट इंडिया कंपनीनें आपल्या शिपायांसाठीं कमी खर्चांत बनवून घेतलेली. पुढें फ्रान्सशीं युद्ध जुंपल्यावर इंग्लंडच्या सरकारला बंदुका कमी पडल्या, तेव्हां त्यांनीं हीच 'इंडिया पॅटर्न' उचलली. इकडच्या शिपायासाठीं काढलेलें स्वस्त हत्यार गोऱ्या सैनिकाच्या खांद्यावर गेलें.

आणि समोर कोण होतें? शिंद्यांचे कंपू. महादजींनीं १७८४ सालीं द ब्वाञ नांवाच्या साव्हॉयच्या सरदारास नोकरींत घेऊन कवायती पायदळ उभें केलें. तोफा व बंदुका आग्र्याच्या कारखान्यांत होत. असईस त्या कंपूंचा मुख्य पोलमन हा हॅनोव्हरचा मनुष्य, पूर्वीं कंपनीच्याच चाकरींतला सार्जंट. म्हणजे समोरच्यांच्या हातींहि त्याच धर्तीची बंदूक, त्यांची कवाईतहि त्याच धर्तीची. शिंद्यांकडील इंग्रज अधिकारी लढाईच्या आधींच कंपनीच्या बोलावण्यावरून निघून गेले होते. गोलंदाज मात्र तोफेजवळून हलले नाहींत. कित्येक जण मेल्याचें सोंग घेऊन तोफेखालीं पडून राहिले व शत्रूची रांग पुढें गेल्यावर उठून पाठीमागून मारा करूं लागले. शेवटीं ९८ तोफा कंपनीच्या हातीं गेल्या. पण कंपनीचीहि मेलेलीं, जखमी व बेपत्ता मिळून दीड हजारांवर माणसें गारद झालीं. त्या झुंजीची खूण म्हणून हत्तीचें चिन्ह पलटणींना मिळालें. आजच्या भारतीय सैन्यांतील मद्रास रेजिमेंटच्या टोपीवरील हत्ती तो हाच.

बांधावर भाकरी खावयास बसलों असतां नातवानें विचारलें, "असे दुसऱ्याचे कोट घालून लढणारे आणखी कोठें होते का?" तेव्हां मला माझ्या वडिलांनीं सांगितलेली एक आठवण झाली. १९४३ सालीं, लहानपणीं, त्यांनीं कल्याणच्या फलाटावर लष्करी गाडींतून उतरलेले आफ्रिकेचे शिपाई पाहिले होते. वडील सांगत, कपडे गोऱ्या सोजिरांचे, पण सामान उचलण्याची वेळ येतांच त्यांतल्या कित्येकांनीं तें पाठीवर न घेतां सरळ डोक्यावर घेतलें, आणि मान तसूभर न हलवितां चालूं लागले. आमच्या पाणी आणणाऱ्या बायांसारखे! पश्चिम आफ्रिकेच्या ८१ व्या आणि ८२ व्या डिव्हिजनी पुढें आराकानच्या रानांत जपान्यांशीं लढल्या. जेथें खेंचरहि जात नसे तेथें त्यांचे हमाल दारूगोळा असाच डोक्यावरून नेत.

आम्हां मराठी माणसांना आफ्रिकेचा शिपाई नवा नाहीं. जंजिऱ्याच्या राज्याला आपण हबसाणच म्हणत आलों. याच जालना जिल्ह्यांत रोशनगांव आहे. तेथें १६१६ सालीं मलिक अंबरची मोंगलांशीं लढाई झाली व त्यांत त्याची हार झाली. तो हबशी, बालपणीं गुलाम म्हणून विकला गेलेला. पण दक्षिणेंत आल्यावर निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. आज जें छत्रपति संभाजीनगर, पूर्वीचें औरंगाबाद, त्याचा पाया खडकी या नांवानें त्यानेंच घातला. हा गुलाम होऊन आला खरा, परंतु त्याला दक्षिणेचा पोषाख चढला तो दक्षिणेच्या सरदाराचा. इंग्रज, फ्रेंच व जर्मन यांनीं आफ्रिकेंत उभ्या केलेल्या पलटणींतला शिपाई आपल्याच भूमींत होता, आणि पोषाख मात्र त्याला परका मिळाला. माझ्या मतें दोहोंतली ही दुसरी स्थिति अधिक चमत्कारिक.

त्या पोषाखाचा तपशील पाहिला म्हणजे असईचा शिपाई डोळ्यांपुढें येतो. फ्रेंचांनीं १८५७ त सेनेगालमध्यें तिराय्यर नांवाचे नेमबाज उभे केले. त्यांची तांबडी, काठाशिवायची शेशिया टोपी पुढें खाकी कपडे आले तरी सुटली नाहीं. इंग्रजांची किंग्ज आफ्रिकन रायफल्स १९०२ त स्थापन झाली : खाकी सदरा, आंखूड विजार, डोक्यावर गोंड्याची फेझ, पोटऱ्यांना पट्ट्या, आणि त्याखालीं पाऊल उघडें. बूट बहुतेकांच्या पायांत आले ते दुसऱ्या महायुद्धांत. येथेंहि वरचें अंग सरकारचें आणि पाय स्वतःचे! फेझ टोपी ही तर आफ्रिकेच्या अंतर्भागाचीहि नव्हे. जर्मनांच्या विसमननें १८८९ त पूर्व आफ्रिकेसाठीं पहिले शिपाई कैरोस जमविले, ते सुदानी. मिसर देशाच्या फौजेचा थाट त्यांच्याबरोबर आला. म्हणजे तुर्काची टोपी, जर्मनाचा कोट आणि सुदान्याचें डोकें.

शब्दांची वाट याहून लांबची. 'खाकी' म्हणजे मातीच्या रंगाचें, फारसी 'खाक' पासून. पंजाबच्या सरहद्दीवर १८४६ त उभारलेल्या गाइड्स पलटणीनें तो रंग प्रथम घेतला, आणि तेथून तो जगभर गेला. पोटरीला गुंडाळण्याच्या पट्टीला इंग्रज 'पटी' म्हणतात. ती आपलीच पट्टी, मूळ संस्कृत पट्टिका. पूर्व आफ्रिकेंत शिपायाला 'अस्करी' म्हणत. अरबी 'अस्कर' आणि आपलें 'लष्कर' हीं एकाच फारसी घराण्यांतलीं भावंडें. आणि मोझांबिकांत पोर्तुगीजांचा काळा पोलीस 'सिपाइ' म्हणून ओळखला जाई. तो शब्द उघडच आपल्या शिपायाचा. पट्टिकेचा कोशांतला अर्थ मीं पुष्कळ वर्षें मुलांकडून घोकून घेतला. ती टांगानिकाच्या शिपायाच्या पोटरीपर्यंत पोहोंचली आहे हें मला ठाऊक नव्हतें.

हे दोन उसने पोषाख एकदां समोरासमोर आले. १९१४ च्या नोव्हेंबरांत हिंदुस्थानांतून आठ हजारांच्या आसपास फौज जहाजांनीं जर्मन पूर्व आफ्रिकेच्या टांगा बंदरावर उतरली. तींत ९८ वी पलटण होती. ती मूळ निजामाच्या मुलुखांतल्या हैदराबाद कंटिंजंटपैकीं, जिच्या छावण्या औरंगाबाद, जालना अशा आपल्याच गांवीं असत. त्याच मोहिमेंत ग्वाल्हेरच्या शिंद्यांची पलटणहि होती. समोर लेटो-फोरबेकचे हजारभर लोक, बहुतेक अस्करी. त्यांपैकीं पुष्कळांजवळ १८७१ च्या नमुन्याच्या, बारागणिक धूर ओकून जागा दाखविणाऱ्या जुन्या बंदुका. गोळीबारानें झाडांवरचीं मोहोळें उठलीं आणि ९८ वी वर मधमाशा तुटून पडल्या. अखेर हिंदी फौज सामान टाकून जहाजांवर परतली. टाकलेल्या नव्या बंदुकांनीं अस्करींच्या तीन कंपन्या सजल्या, असें लेटो-फोरबेकनें लिहून ठेवलें आहे. आमच्याकडच्या शिपायाच्या हातांतली इंग्रजी बंदूक जर्मनांच्या आफ्रिकी शिपायाच्या खांद्यावर! त्या दोघांचें एकमेकांशीं वैर कोणतें, हें नातवानें विचारलें. त्याला खालीं बसविण्याचा प्रश्न नव्हता, तो बसलेलाच होता, आणि मलाहि उत्तर येत नव्हतें.

पोषाख हा शिपायानें मुकाट्यानें अंगावर चढविला असें मात्र कोणी समजूं नये. असईनंतर तीनच वर्षांनीं मद्रासेच्या सेनापतीनें, सर जॉन क्रॅडॉकनें, नवें शिरस्त्राण काढलें. तें टोपीच्या वळणाचें, त्यावर चामड्याचा तुरा. शिवाय कवाईतीच्या वेळीं कपाळीं गंधभस्म नको, कानांत बाळ्या नकोत, दाढी काढा, मिशा एका मापाच्या ठेवा. पहिला नकार दिला तो वेलोरास, चौथ्या रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीनें; याच रेजिमेंटची पहिली पलटण असईस लढली होती. पुढाऱ्यांना फटक्यांची शिक्षा झाली. १० जुलै १८०६ च्या पहांटे वेलोरचा किल्ला उठला. तो मोडावयास अर्काटहून धांवत आले ते गिलेस्पीचे घोडेस्वार, म्हणजे असईची तीच १९ वी ड्रागून. तीन वर्षांपूर्वीं ज्यांच्या खांद्याला खांदा लावून लढले त्यांच्याच भाईबंदांवर त्यांनीं घोडे घातले. शेंकडों शिपाई मेले. मग हुकूम मागें घेण्यांत आला, आणि क्रॅडॉक व गव्हर्नर बेंटिंक दोघांनाहि परत बोलावलें. वेलोरच्या उठावाला दुसरींहि कारणें होतीं, टिपूचे मुलगे किल्ल्यांतच होते. परंतु कपाळाचें गंध आणि डोक्यावरचें चामडें ही मनुष्याची शेवटची सरहद्द आहे, हें कंपनीला कळावयास एवढें रक्त लागलें. सेनेगालच्या नेमबाजांचेंहि असेंच. जर्मनांच्या बंदिवासांतून सुटून आलेल्यांनीं १ डिसेंबर १९४४ रोजीं डाकारजवळ तियारॉय येथें आपला थकलेला पगार मागितला, आणि त्यांच्यावर फ्रेंचांनींच गोळ्या घातल्या.

कपडा फाटतो, नांव मात्र कोठें तरी चिकटून राहतें. पहिल्या महायुद्धांत पूर्व आफ्रिकेंत ओझीं वाहून जे हजारों हमाल मेले त्यांच्या 'कॅरिअर कोर' वरून नैरोबींत कारिओकोर आणि दारेसलामांत कारिआकू हे मोहल्ले झाले. निजामाच्या पदरीं हबशी स्वारांचें पथक होतें. तें प्रथम वनपर्तीच्या संस्थानिकानें पाळलें व पुढें निजामाकडे आलें. १९४८ त निजामशाही गेली, त्यामागून पथकहि गेलें. पण हैदराबादेंत ए. सी. गार्ड्स, म्हणजे आफ्रिकन कॅव्हल्री गार्ड्स, या नांवाची वस्ती आहे आणि त्या स्वारांचे वंशज तेथें राहतात.

उन्हें कलतीं झालीं तसे आम्ही उठलों. माझा विद्यार्थी बोलण्याचा कंटाळा करणारा. दिवसभरांत त्यानें मला एकदांहि आडवें विचारलें नाहीं. निघतांना म्हणाला, "गुरुजी, मेलेल्यांचीं नांवें कोठें मिळतील?" मीं सांगितलें, वेलस्लीच्या वृत्तांतासोबत जी यादी आहे तींत गोऱ्या अंमलदारांचीं नांवें आहेत, शिपायांचा आंकडा आहे. तो म्हणाला, "बरें." मग त्यानें नातवाच्या हातांत कणसांची पिशवी दिली, माझ्या पायां पडला आणि आम्हांला जीपगाडीपर्यंत पोहोंचवावयास आला.

घरीं आल्यावर माळ्यावरची ट्रंक उतरविली. त्या वर्षींची पाठटांचणाची वही वाळवीनें कडेला खाल्लेली, पण असईचें पान शाबूत होतें. 'इंग्रजांनीं' हा शब्द खोडून वर 'कंपनीच्या फौजेनें' असें लिहिलें, आणि समासांत चार मद्रासी पलटणी व तीन रिसाले मांडले. नातू कणीस खात शेजारीं बसला होता. त्यानें वहींत वांकून पाहिलें आणि पेन्सिलीनें त्याखालीं लिहिलें, "पेशव्यांचे स्वार राहिले."